गाईचं पान

लिहा, माझं नाव शालन. माहेर मुळशी धरनाच्या पार वरच्या अंगाला, धा-बारा घरांची वाडी, तितं यष्टी न्हाई आनि रस्ता नावालाच, आनि सासर हितं भरे गावात. दोन्हीत अंतर म्हनाल तर फार न्हाई, पन खान्यापिन्याचा फरक काय सांगू तुम्हाला. माहेरी भात पिकायचा तो पावसाचा, उतारावर नाचनी आनि वरई, आनि आषाढात कनगीचा तळ दिसायला लागला की आई आमाला टोपली देऊन रानात हाकलायची, कुर्डू आना, टाकळा आना, भारंगीचा पाला आना, ओढ्यातलं खेकडं धरून आना. चावलं खेकडं तर रडायचं न्हाई, खायचं. गरिबी लई व्हती, पन एक गोष्ट व्हती, बाप, आई आनि आमी पाच भावंडं एकाच परातीभवती बसायचो. असंल ते सगळ्यांस्नी, नसंल तर कुनालाच न्हाई. आई पानी पिऊन उठली तर ते बापाला दिसायचं. मला तवा त्यात काय इशेष वाटलं न्हाई.

सासरी आले आनि बघितलं तर खातंपितं घर. दोन गाई, एक म्हैस, कोंबड्या, शिंक्याला दही, अंगनात शेवग्याचं झाड. माहेरच्या बायका म्हनाल्या, शालन्या, सुटलीस गं. सुटले म्हंजी काय, ते सांगते. आमच्या आत्याबाई, म्हंजी माझी सासू, तिची शिस्त अशी की सैपाक झाला की पैल्यांदा गाईचं पान निघायचं. पितळंची ताटली व्हती त्यासाठी येगळी. पैली भाकरी, भाजी, वरन, सनावाराला गोडाचा घास, आत्याबाई स्वता आपल्या हातानं काढायची आनि सून ते गोठ्यात घेऊन जायची, आनि गाईनं तोंड लावल्याबिगर घरात कुनी पाटावर बसायचं न्हाई. का, तर जी दूध देती तिनं आधी खायचं. वाईट न्हाई, चांगलीच रीत. त्याच्यामागं पुरुषमंडळी. मंग पोरं. मंग आत्याबाई. आनि मंग आमी सुना, नवऱ्याच्या उष्ट्या ताटात, खरवडीचा भात, कालवनाचा रस्सा, फोडी संपलेल्या. त्यात कुनी कुनाला उपाशी ठेवत न्हवतं, ह्ये बी खरं. आत्याबाई दुष्ट न्हवती. भांड्यात उरंल ते तुमचं, एवढंच. आता आठ मानसं जेवून गेल्यावर भांड्यात काय उरतंय ते बाईमानसाला सांगायला नको.

पंधरा वर्सं मी तशीच जेवले आनि मला त्यात काय चुकलं असं वाटलं न्हाई. चक्कर यायची, बसायचे. दम लागायचा, वाटायचं कामाचा लागतोय. बाईचं असंच असतं.

मंग साधारन अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला पिरंगुटाच्या बाजूला एका कंपनीच्या कँटीनात मला काम लागलं. कांदा चिरायचा, पीठ मळायचं, दुपारी वाढायला उभं ऱ्हायाचं. तितं मी पैल्यांदा ते खनांचं ताट बघितलं. स्टीलचं, पाच खनांचं. एका खनात भात, एकात वरन, एकात पातळ भाजी, एकात सुकी, एकात कोशिंबीर. सायेब येऊ दे न्हाईतर झाडूवाला, ताट एकच. आनि जेवून परत आनून ठेवलं की कुनी काय टाकलं, कुनी काय खाल्लं, समदं दिसायचं. आमच्यातली एक बाई म्हनायची, शालन, तू ताटाकडं काय बघती येड्यागत, घासायचं हाय ते. मी म्हनलं, घासते की. पन माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आता मंदाचं सांगते, कारन समदं तिच्यावरनंच हाय.

मंदा म्हंजी माझी धाकटी जाऊ. त्याच सुमाराला आली लगीन होऊन, खालच्या पट्ट्यातली पोर, शेलाटी, हसरी, बोलायला लागली की थांबायची न्हाई. मला अक्का म्हनायची. पैल्या खेपंला दिस ऱ्हायले आनि सातव्या म्हैन्यात मोकळी झाली. पोर जगलं न्हाई. आनि रगत एवढं गेलं की पौडच्या दवाखान्यात तिला हलवली तवा तिचं व्हट चुन्यागत पांढरं. वाचली. डॉक्टर माझ्या दिराला म्हनाले, हिच्या अंगात रक्तच नाही, पुढच्या वेळी हे असंच राहिलं तर मी काही सांगू शकणार नाही. दीर मान हलवून घरी आला आनि आईला म्हनाला, डॉक्टर म्हनतोय रगत कमी हाय. आत्याबाई म्हनाली, व्हईल. झालं. एवढ्यावर संपलं.

दीड-दोन वर्सांनी मंदाला परत दिस ऱ्हायले. चौथ्या म्हैन्यात मीच तिला पौडला घेऊन गेले तपासायला, कँटीनला सुट्टी टाकून. तितल्या शिस्टरबाईनं बोटाला टोचलं, रगत बघितलं, म्हनाली, सात. मी म्हनलं, सात म्हंजी किती कमी? ती म्हनाली, बाई, अकरा तरी पाहिजे. मंग ती मंदाला इचारायला लागली, काय खातेस? मंदा म्हनाली, समदं खाते. भाकरी खातेस? व्हय. पालेभाजी? व्हय. कडधान्य? मटकी असती की. दूध? दोन गाई हायेत घरी. अंडी? कोंबड्या हायेत. शिस्टरबाई लिहित्या हाताची थांबली. चष्मा काढला. म्हनाली, घरात काय आहे ते नको सांगू. काल दुपारी तुझ्या ताटात काय होतं ते सांग.

मंदा हळूच म्हनाली, माझं ताट न्हाई शिस्टर, मी ह्यांच्या ताटात जेवते.

बरं, मग त्या ताटात काय होतं?

मंदा इचार करायला लागली, आनि मी बी तिच्यासंगं मनात इचार करायला लागले, आनि खरं सांगते, भाकरीचा एक चतकोर, भाजीचं तेल, कांदा आनि मिरची, ह्याच्या पुढं आमाला दोघींस्नी काय आठवंना. शिस्टरबाई मग माझ्याकडं वळली, म्हनाली, तुमचाही हात द्या इकडं. माझं आठ निघालं.

गोळ्या दिल्या. लाल रंगाच्या. म्हनाली, रोज एक, न चुकता. आमी आलो घरी. म्हैन्यानं परत गेलो तर रगत साडेसहा. वाढायच्या जागी उतरलं. शिस्टरबाई चिडली, गोळ्या घेते का नाही? मंदा म्हनाली, घेते. कशाबरोबर? चाच्या घोटासंगं, पानी बरं लागत न्हाई ना उलटी होती म्हनून. शिस्टरबाईनं कपाळावर हात मारला. म्हनाली, चहा त्या गोळीचा गुण खातो, अन्नातलं लोखंडही अंगाला लागू देत नाही, जेवणाच्या आधी एक तास, नंतर एक तास चहा बंद, गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि नुसत्या गोळीवर राहू नका, पोटात अन्न जाऊ दे. आता बघा, आमच्या हितं जेवान झालं की चा, पाव्हना आला की चा, भूक लागली आनि सैपाकाला येळ असला की चा. बाईचं अर्दं जेवान चाच व्हता. आमी भूक मारत व्हतो आनि औषदबी मारत व्हतो, एकाच कपात.

घरी येऊन मी आत्याबाईला म्हनलं, मंदाला जरा जास्तीचं वाढायला पायजे. आत्याबाई पोळपाट पुसत व्हती, वर न बघता म्हनाली, नको. गर्भारशीनं पोट भरून खाल्लं की आतलं पोर मोठं व्हतं आनि बाळंतपन अडतं. माझ्या येळंलाबी असंच व्हतं. आनि त्या लाल गोळ्यांनी पोर काळं व्हतं, त्या कशाला देती तिला? मी म्हनलं, आत्याबाई, शिस्टरबाई शिकलेली हाय. ती म्हनाली, तिनं किती बाळंतपनं केली? मी नऊ केली.

नवातली चार जगली व्हती. पन ते मी बोलले न्हाई.

सासऱ्यांस्नी न्हाईतर आमच्या मालकांस्नी, म्हंजी माझ्या नवऱ्याला, सांगून उपयोग न्हवता. चुलीम्होरं आत्याबाईचा सबुद शेवटचा. मालक म्हनाले, तुमचं बायकांचं तुमी बघा. ह्यांचं हे ठरल्यालं वाक्य.

त्याच टायमाला आमची चंद्री गाय गाभन व्हती. आनि चंद्रीचं कसं, आत्याबाई तिला रोज भरडा भिजवून घालायची, पेंड घालायची, वर गुळाचा खडा. म्हनायची, दोन जिवाची हाय, तिला कमी पडायला नको. मी एक दिवस म्हनलं, आत्याबाई, चंद्री लई रोडावलीय, पान जरा मोठं काढा की. लगेच म्हनाली, व्हय गं, मलाबी तसंच वाटतंय. त्या दिसापासनं ताटलीत एकाच्या दोन भाकऱ्या. मेथी असली तर मेथी, शेवग्याचा पाला असला तर तो, मटकीची उसळ, शेंगदान्याचा कूट, गूळ. मीच भाज्या आनायची, म्हनायची, चंद्रीला पाला आवडतो. आनि पान घेऊन गोठ्यात जायचं काम मंदाचं.

तुम्हाला कळलंच असंल. मंदा गोठ्यात जायची, गव्हानीच्या आडोशाला बसायची आनि ते पान खायची. चंद्रीला कोर-चतकोर भाकरी द्यायची, तोंड लावल्याचं खोटं नको म्हनून. मी घरी असले की पदरात लिंबाची फोड आनि उकडल्यालं अंडं घेऊन मागनं जायचे. सुरवातीला मंदा रडायची, म्हनायची, अक्का, गाईच्या तोंडचं खाते मी. मी म्हनलं, रडत खाल्लंस तरी चालंल, पन खा. आठ दिवसांत रडायची थांबली. पंधरा दिवसांत म्हनायला लागली, अक्का, उद्या मेथी करा ना. म्हैन्यानं रगत आठ.

पन मानसाला फसवता येतं, जनावराला न्हाई. चंद्रीला पान यायचं म्हाईत, वास यायचा, आनि मिळायचा चतकोर. ती हंबरायची. पैल्यांदा थोडं, मंग दावं ताणून. आत्याबाई म्हनायची, पान तर गेलं, मंग ही का वरडती? मी म्हनायची, माशा असतील. एक दिवस माझी कँटीनला सुट्टी, मी चुलीम्होरं, आनि आत्याबाई उठली आनि सरळ गोठ्याकडं निघाली. मला आडवायची संधीच मिळाली न्हाई. मी मागं पळाले.

मंदा गव्हानीला टेकून बसल्याली, ताटली मांडीवर, गालात घास. चंद्री तिच्या डोक्यावरनं मान घालून वास घेतीया. आत्याबाई दारात उभी. मंदानं घास गिळला बी न्हाई आनि टाकला बी न्हाई.

आत्याबाई वरडली न्हाई. वरडली असती तर बरं व्हतं. म्हनाली, गाभन गाईच्या तोंडचा घास घेतीस, पोरी, पोटातल्याला लागंल गं ह्ये. आनि मंदानं ताटली खाली ठेवली. तिचं तोंड बघून मला कळलं की ही आता उद्यापासनं खानार न्हाई. पैलं पोर गेल्यालं, त्याच्यावर ह्यो सबुद. म्हैना-दोन म्हैन्यांची मेहनत एका वाक्यात मातीत.

मंग मात्र मी बोलले. इतक्या वर्सांत आत्याबाईम्होरं मी कधी आवाज चढवला न्हवता. मी म्हनलं, आत्याबाई, मी शिकवलं तिला, पाप लागायचं तर मला लागू द्या. पन मला एक सांगा. चंद्री गाभन हाय म्हनून तिला भरडा, पेंड, गूळ. वासरू मोठं व्हईल आनि अडंल म्हनून तिचा चारा कमी केला का तुमी? दूध द्यायचं म्हनून तिचं पान पैलं. मंग हिला काय पानी पाजायचं हाय का पोराला?

आत्याबाईनं खालची ताटली उचलून चंद्रीम्होरं ठेवली. मंग गेली आत.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. सैपाकाला बसायची, वाढायची, पान काढायची, पन ते पान आता स्वता घेऊन जायची गोठ्यात. मंदा परत उष्ट्या ताटात. मी अंडं दिलं तर नको म्हनाली, अक्का, शब्द लागतो मोठ्या मानसाचा. मला काय करावं ते सुचंना. मी ठरवलं व्हतं, तिला तिच्या आईकडं पाठवून देते, भांडन झालं तर होऊ दे.

तिसऱ्या दिवशी सांजच्याला भाकऱ्या झाल्या. आत्याबाईनं पितळी ताटली घेतली, पान काढलं, चंद्रीचं. बाजूला ठेवलं. मंग फळीवरनं दुसरी थाळी घेतली. दोन भाकऱ्या, मटकी, पाला, वाटीभर दूध, आनि चुलीच्या राखंजवळ ठेवल्यालं एक अंडं. त्याच्यावर टोपली पालथी घातली. कुनाकडंच न बघता म्हनाली, ह्ये हिचं. पुरुष बसायच्या आधी हिनं बसायचं. आनि मंदा अजून उभीच, तर तिच्या अंगावर खेकसली, बघती काय, गार व्हतंय.

पुढं लई दिवसांनी शेंगा फोडत बसलो असताना मी इचारलं, आत्याबाई, तुमी कशा काय तयार झाल्या? म्हनाली, दोन दिवस मी आठवत व्हते. नऊ बाळंतपनांत माझ्यासाठी कुनी काय झाकून ठेवलं व्हतं का. माझ्या सासूनं न्हाई, माझ्या आईनं न्हाई. मला वाटलं, तसंच असतंय. एवढं बोलली आनि शेंगा फोडाय लागली. त्या पाच पोरांचं तिनं तवाबी नाव काढलं न्हाई, मी बी न्हाई.

मंदाचं रगत नवव्या म्हैन्यात साडेनऊ. शिस्टरबाई म्हनाली, अकरा नाही, पण चालेल. पौडला नेली जीपनं, मुलगी झाली, आडीच किलो. अडली बिडली न्हाई. काळी बी न्हाई, आनि असती तरी काय. आत्याबाईनं बघितली आनि म्हनाली, आडीच म्हंजी लई मोठी न्हाई की गं. म्हनलं, न्हाईच. चंद्रीला कालवड झाली त्याच म्हैन्यात, चांगली मोठी, आनि चंद्री बी अडली न्हाई.

तवापासनं मी खनांची ताटं आनली घरात, सगळ्यांस्नी एकसारखी, आनि उष्ट्या ताटात जेवनं बंद. मालक पैल्यांदा म्हनाले, हाटेल केलं घराचं. मी म्हनलं, हाटेलात वाढपी बी जेवतो.

आता दोन हजार धा साल चालू हाय आनि समदं उलटं झालंय. वरची जमीन गेली, मागं चार खोल्या बांधल्या, भाडेकरू हायेत, कंपनीत जानारी, लातूर-नांदेडकडची पोरं-पोरी. त्यातली एक पोर, म्हैन्याला माझ्या पाचपट कमावती आसंल, ती सकाळी चा-बिस्कीट, दुपारी काय ते पाकिटातलं, आनि एक दिवस नळाशी चक्कर येऊन पडली. मी तिला इचारलं, काल दुपारी तुझ्या ताटात काय व्हतं? ती म्हनाली, काकू, ताट कसलं, कामात होते. म्हंजी पैसा असो न्हाईतर नसो, बाईचं ताट हरवतंच. मंदाची लेक शाळंत पळती चांगली, पन तिला भाजी नको, मसाल्याच्या नूडल्स पायजेत, तिच्याशी रोजचं भांडन. आनि नाचनी, जी आमी गरिबी म्हनून खात व्हतो, ती आता शहरातली मानसं गाडी थांबवून इचारत्यात, आहे का हो?

आनि आत्याबाईला साखर झालीया. जमीन गेली तशी रानातली चाल बी गेली तिची, दिवसभर ओट्यावर, पांढरा भात आनि चात चार चमचे साखर. पायाला जखम झाली ती भरंना तवा कळलं. म्हनून आता सगळ्यात आधी तिचं ताट निघतं, ठरल्याल्या येळंला, नाचनीची भाकरी, पालेभाजी, मूग, भात मुठीएवढा. पितळंची ती ताटलीच वापरते मी, चंद्री गेली, तिची कालवड बी इकली, गोठ्याच्या जागी आता मोटारसायकली लावत्यात. पन पान निघतं. म्हातारी रोज कुरकुरती, गोड न्हाई, मीठ न्हाई, ह्यो पाला कसला घातलास. परवा म्हनाली, शालन्या, शेवटी मला गाय केलीस व्हय गं?

म्हनलं, व्हय आत्याबाई. आता हंबरू नका, जेवा.

जेवती बिचारी. जखम भरत आलीया. माझं म्हनाल तर माझं रगत बारा हाय, गुडघं दुखत्यात, पन ते वयाचं. चला, तुमी बी हात धुवा. लिहायचं ते मागनं लिहा, तुमचं पान कवाच काढून ठेवलंय, आनि चा तासाभरानं मिळंल.